लहान फोन घ्यायचा आणि पाच वर्षं चालवायचा: नऊ पायऱ्या, याच क्रमाने

"लहान फोन परवडतो का?" हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा फोन घेऊन झाल्यावर येतो. तक्रारीही ठरलेल्या असतात. बॅटरी दुपारीच मान टाकते. दोन वर्षांत अपडेट बंद झाले. किंवा 'लहान' म्हणून मागवलेला फोन खोक्यातून काढल्यावर आधीच्याच मापाचा निघाला. या तिन्ही चुका दुकानात जाण्याआधीच झालेल्या असतात, म्हणून या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग खरेदीच्या आधीचा आहे. तो गाळून थेट पाचव्या पायरीवर उडी मारू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लहान फोन आजही परवडतो, पण जो माणूस तो चार-पाच वर्षं ठेवणार आहे आणि मध्ये एकदा बॅटरी बदलायला तयार आहे, त्यालाच. दर दोन वर्षांनी फोन बदलायची सवय असेल तर हा शौक महागात पडतो.

तयारीला लागेल ते असं: एक पट्टी, जुनी लग्नपत्रिका, कात्री, वहीचं एक पान आणि सात दिवस.

पायरी १: इंच विसरा, रुंदी मोजा

सगळ्यात जुनी चूक हीच. जाहिरातीतले इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. फोन उंच आणि अरुंद असला तरी कर्ण वाढतो, आणि जुन्या फोनांच्या कडा जाड असल्याने तिथे कमी इंचांचा फोनही हातभर वाटतो. उदाहरण घ्या. आयफोन ८ प्लसचा पडदा ५.५ इंच, पण रुंदी ७८.१ मिलिमीटर आणि वजन २०२ ग्रॅम. गॅलक्सी एस२४ चा पडदा ६.२ इंच, पण रुंदी ७०.६ मिलिमीटर आणि वजन १६७ ग्रॅमच्या आसपास. इंच जास्त असलेला फोन इथे हाताला लहान आहे.

अंगठा पलीकडच्या कडेला पोचतो की नाही, हे रुंदीच ठरवते. माझी ढोबळ विभागणी अशी:

- ६५ मिलिमीटरच्या आत: खरोखर लहान. आयफोन १३ मिनी ६४.२ मिलिमीटरचा आहे. या मापाचे नवे फोन आता जवळजवळ निघतच नाहीत.
- ६७ ते ७२: आजच्या बाजारात 'लहान' म्हणतात ते हेच. गॅलक्सी एस२४ आणि एस२५, पिक्सेल ८, वनप्लस १३एस या गटात बसतात.
- ७५ च्या पुढे: मोठा. विक्रेता काहीही म्हणो.

लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून १४७ बाय ७१ मिलिमीटरचा तुकडा कापा. कव्हर घालणार असाल तर दोन्ही मापांत तीन-चार मिलिमीटर वाढवा, नाहीतर चाचणी खोटी ठरेल. तो तुकडा दोन दिवस शर्टाच्या खिशात ठेवा, एका हातात भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या हाताने धरून पाहा. अंगठा वरच्या कोपऱ्यात पोचणार नाहीच, पण मध्यावर पलीकडच्या कडेपर्यंत सहज गेला पाहिजे.

तपासा: चाळिशीचा चष्मा लागला असेल तर आताच्याच फोनवर अक्षर दोन घरं मोठं करून आठवडाभर वापरा. माझ्या मावशीने हट्टाने लहान फोन घेतला आणि अक्षर इतकं मोठं केलं की बँकेच्या अॅपमधलं 'पुढे' हे बटण पडद्याखाली गेलं. "अरे, बटणच नाहीये याला!" असा तिचा फोन आला. तिच्यासाठी तो फोन चुकीचा होता, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

मराठी टंकलेखनही इथेच आजमावा. देवनागरी कीबोर्डच्या एका ओळीत इंग्रजीपेक्षा जास्त कळा बसवलेल्या असतात, त्यामुळे अरुंद फोनवर त्या फारच बारीक होतात. दुकानातल्या नमुना फोनवर 'वाङ्मय', 'ऱ्हास', 'श्रीकृष्ण' हे तीन शब्द लिहून पाहा. जमत नसेल तर रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड किंवा बोलून लिहिण्याची सोय वापरायची तयारी ठेवा.

पायरी २: सात दिवस बॅटरीची वही

ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात आणि मग दुपारी चार्जर शोधत फिरतात.

लहान फोनचा पडदा कमी वीज खातो, हे खरं. पण मोबाइल टॉवरशी बोलणारा मोडेम फोनबरोबर लहान होत नाही. कर्जत-लोणावळ्याच्या घाटात बोगद्यामागून बोगदे येतात आणि फोन सतत रेंज शोधत राहतो, तेव्हा लहान फोन आणि मोठा फोन जवळजवळ सारखीच वीज पितात. फरक इतकाच, की लहान फोनची टाकी छोटी.

म्हणून आताच्या फोनवर सात दिवस रोज रात्री लिहा: सकाळी किती टक्के होते, आता किती उरले, मध्ये चार्ज केला असेल तर किती भर पडली. सर्वांत जड दिवसाचा आकडा घ्या, सरासरीचा नको. मग गुणाकार करा. फोनची बॅटरी ५,००० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) असेल आणि त्या दिवशी ६० टक्के खर्च झाले असतील, तर तुमची गरज ३,००० एमएएच. ९० टक्के खर्च झाले असतील तर ४,५००. फोन तीन-चार वर्षांचा असेल तर बॅटरी झिजलेली असते, म्हणून खोक्यावरचा आकडा न धरता त्याचे ८० ते ८५ टक्के धरा.

आता दोन गोष्टी पाहा.

पहिली म्हणजे, दिवस निघेल का. ४,००० एमएएचच्या फोनवर ३,००० ची गरज आरामात भागते. पण बॅटरी झिजून ८० टक्क्यांवर आली की तिच्यात ३,२०० च उरतात, म्हणजे तिसऱ्या वर्षी रात्री काठावर. ४,५०० ची गरज असेल तर पहिल्या दिवसापासूनच पॉवर बँक.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. लहान बॅटरी लवकर झिजते, कारण तिचे फेरे लवकर भरतात. एक फेरा म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज ६० आणि उद्या ४० मिळून एक. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांसाठी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे तो लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून ८०० चा आकडा चांगला आहे. ३,००० ची गरज असेल तर ५,००० च्या बॅटरीवर रोज ०.६ फेरा, म्हणजे ८०० फेऱ्यांना साधारण तीन वर्षं आठ महिने. ४,००० वर रोज ०.७५ फेरा, म्हणजे तीन वर्षंही पुरती नाहीत. ४,५०० ची गरज आणि ४,००० ची बॅटरी असेल तर दोन वर्षांच्या आत खेळ आटोपला.

बॅटरी बदलण्याचा खर्च लहान फोनच्या किमतीतच धरायचा तो यासाठी.

सावधान: आयफोनचे एमएएच अँड्रॉइडशी थेट ताडू नका, दोन्हींचा वीज खाण्याचा हिशेब वेगळा आहे. आयफोन १३ मिनीत जेमतेम २,४०० एमएएच आहेत, तरी तो दिसतो तितका दुबळा नव्हता. उलट नव्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांमुळे ६.३२ इंची वनप्लस १३एस मध्ये ५,८५० एमएएच मावल्या आहेत. मात्र वजन १८५ ग्रॅमवर गेलं. खिशाला ते जाणवतं.

पायरी ३: उरलेली वर्षं मोजा, छापलेली नव्हे

'सात वर्षं अपडेट' वाचून लोक आजपासून सात वर्षं मोजतात. मोजणी मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून असते.

- गॅलक्सी एस२४: जानेवारी २०२४, सात वर्षं. म्हणजे २०३१ च्या सुरुवातीपर्यंत.
- गॅलक्सी एस२३: फेब्रुवारी २०२३, अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट. म्हणजे २०२८.
- पिक्सेल ८: ऑक्टोबर २०२३, सात वर्षं. म्हणजे २०३०.

एस२३ आणि एस२४ दिसायला सख्खे भाऊ, पण आयुष्यात तीन वर्षांचा फरक. सेकंडहँड बाजारात किमतीतला फरक मात्र तितका नसतो. घासाघीस करताना हा मुद्दा हुकमी एक्का आहे.

अॅपल असा आकडा ठळकपणे छापत नाही, म्हणून तिथे मागचा अनुभव पाहावा लागतो. २०२५ मधली आयओएस २६ ही आवृत्ती आयफोन ११ पासून पुढे चालते. त्यात १२ मिनी, १३ मिनी आणि २०२० चा आयफोन एसईसुद्धा आला. पण रांगेत ११ नंतर कुणाचा नंबर लागणार, हे ओळखायला ज्योतिषी नको.

अपडेट संपलं म्हणजे फोन बंद पडत नाही, कॅमेराही तसाच राहतो. संपतो तो सुरक्षेचा भाग, आणि ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेची अॅप्स आहेत तिथे मी त्यावर तडजोड करत नाही. काही काळाने अॅप्सही जुन्या आवृत्तीवर चालायचं नाकारतात. आयफोनवर व्हॉट्सअॅपने मे २०२५ पासून आयओएस १५.१ च्या खालचे फोन सोडून दिले.

तपासा: उरलेली वर्षं तीनपेक्षा कमी भरली तर तो फोन कितीही गोंडस असो, यादीतून काढा.

पायरी ४: वर्षाचा खर्च काढा

सूत्र साधं आहे: किंमत अधिक बॅटरी बदल, वजा विकून येणारी रक्कम, भागिले वापराची वर्षं. खालचे आकडे गणित दाखवण्यापुरते आहेत, तुमच्या गावातले भाव घाला.

- नवा लहान फोन ६०,०००, बॅटरी ५,०००, सहा वर्षं: वर्षाला साधारण १०,८००.
- तोच फोन ६०,००० ला घेऊन दोन वर्षांनी २५,००० ला विकला: वर्षाला १७,५००.
- दोन वर्षं जुनं मॉडेल, सेकंडहँड ३०,०००, बॅटरी ५,०००, पाच वर्षं उरलेली: वर्षाला ७,०००.
- चार-पाच वर्षं जुना 'मिनी' २०,०००, लगेच बॅटरी ६,०००, दोन वर्षं उरलेली: वर्षाला १३,०००.
- नवा साधा मोठा फोन १८,०००, तीन वर्षं: वर्षाला ६,०००.

लहान फोनांत सगळ्यात स्वस्त वाटणारा जुना मिनी चांगल्या नव्या फोनपेक्षाही महाग पडला. आणि तिसऱ्या ओळीतला फोन साध्या मोठ्या फोनपेक्षा वर्षाला हजार रुपयेच जास्त खातो. लहान फोनची खरी किफायत या तिसऱ्या ओळीत आहे.

कटू गोष्टही सांगतो. १५-२० हजारांत नवा, ७२ मिलिमीटरच्या आतला, भरवशाचा फोन शोधण्यात वेळ घालवू नका. या भावातले फोन बहुतेक ७५ ते ७८ मिलिमीटरचे असतात. एकतर दोन वर्षं मागचं वरच्या दर्जाचं मॉडेल घ्या किंवा मोठ्या फोनशी जुळवून घ्या.

पायरी ५: खरेदी

नवा घेत असाल तर एकच सल्ला: साठवण जास्तीची घ्या. वर दिलेल्या फोनांत मेमरी कार्डाची खाच नाही. पाच वर्षांचे फोटो आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभात संदेश १२८ जीबीत मावत नाहीत. २५६ घ्या.

सेकंडहँड घेताना क्रम महत्त्वाचा, आणि पैसे सगळ्यात शेवटी:

१. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहा, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा.
२. सरकारच्या संचार साथी अॅपवर तो आकडा तपासा, किंवा रोमन अक्षरांत केवायएम, जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. उत्तरात काळ्या यादीतला, दुहेरी किंवा आधीच वापरात असं आलं तर नमस्कार करून उठा.
३. विकणाऱ्याला त्याचं गूगल किंवा अॅपल खातं समोर काढायला लावा, फोन रीसेट करा, स्वतःचं सिम घालून नव्याने सुरू करा. 'पासवर्ड नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याकडून फोन घेऊ नका.
४. कॉल लावा, दोन्ही स्पीकर ऐका, चार्जर लावून पिन हलवून पाहा, पांढऱ्या पडद्यावर डाग शोधा.
५. आयफोन १२ पासून पुढे सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर बदललेल्या भागांची नोंद दिसते. पडदा बदललेला असेल तर तो कंपनीचा की बाजारातला, ते तिथे कळतं.

सावधान: चार वर्षांच्या फोनवर 'बॅटरी हेल्थ १००' दिसली तर खूश होऊ नका. बॅटरी बदललेली आहे, किंवा आकड्याशी खेळ झालेला आहे. कुठे बदलली, याचं बिल मागा.

पायरी ६: जुन्यावरून नव्यावर

आधी नवा फोन पूर्ण चालू करा, जुना रीसेट करणं शेवटी. फोटो आणि व्हॉट्सअॅप हलवा, मग सिम नव्या फोनमध्ये घाला, मग यूपीआय नोंदवा. यूपीआय नोंदणीला बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं आणि तिथून एसएमएस जावा लागतो, म्हणून रिचार्ज आधी तपासा. लॉगिनसाठी दर वेळी नवा कोड तयार करणारं एखादं अॅप वापरत असाल तर तेही हलवा. हे राहिलं आणि जुना फोन पुसला, की मग बँकेच्या आणि ईमेलच्या दारात महिनाभर उभे.

जुना फोन आठ दिवस तसाच ठेवा.

पायरी ७: पहिल्या आठवड्यातल्या सेटिंग्ज

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता बऱ्याच फोनांत आहे; आयफोनमध्ये ती १५ पासून पुढे, सॅमसंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' नावाने. मोठ्या फोनवर ती डोळे मिटून लावावी. लहान फोनवर थोडं डोकं लावा. आधीच छोटी असलेली टाकी वीस टक्के कमी करून दुपारी पुन्हा चार्जर शोधायचा, यात फायदा नाही. टेबलाशी बसून काम असेल तर ८०. प्रवासाच्या दिवशी १००.

बॅटरीचा खरा वैरी उष्णता. लहान फोनला उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभागही कमी. मे महिन्यात नागपुरात गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा चालू ठेवून वर चार्जिंग लावणं म्हणजे बॅटरीला फोडणी देणं. रात्री उशीखाली चार्ज करू नका. जलद चार्जर घाईच्या वेळेपुरता ठेवा.

दुचाकीच्या हँडलवरचा होल्डरही टाळा. मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपलनेच २०२१ मध्ये दिला आहे.

बाकी: व्हॉट्सअॅपचं आपोआप डाउनलोड बंद करा, साठवणीची पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा, आणि एका हाताने वापरण्याची सोय चालू करा.

पायरी ८: बॅटरी बदल

फोन 'म्हातारा झाला' म्हणून विकणाऱ्यांतले बरेच जण खरं तर म्हातारी बॅटरी विकत असतात. बॅटरी थकली की काही फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेगही कमी करतात, आणि माणसाला वाटतं प्रोसेसर जुना झाला. क्षमता ८० टक्क्यांखाली आली, किंवा २०-२५ टक्के असताना फोन पटकन बंद पडू लागला, की बदला. नव्या फोनचा विचार त्यानंतर महिनाभराने करा. बहुतेकांचा विचार तोवर मावळतो.

क्रम असा. बॅकअप घ्या. अधिकृत केंद्रात भाव विचारा आणि सुटा भाग आहे का, ते फोनवर आधीच विचारून घ्या. जुन्या मॉडेलसाठी कधी आठवडाही थांबावं लागतं. फोन देताना चार्ज तीस टक्क्यांच्या आत ठेवा, उघडताना ते सुरक्षित. काम झाल्यावर पडद्याच्या कडेला बोट फिरवून फट आहे का पाहा आणि बिलावर बॅटरीची हमी लिहून घ्या.

मी एकदा तीनशे रुपये वाचवायला गल्लीतल्या दुकानात 'ओरिजिनलसारखी' बॅटरी घातली. आठ महिन्यांत ती फुगली आणि पडदा एका बाजूने उचलला गेला. दुकानदार म्हणाला, "फोल्डरच बदलावा लागेल, साहेब." फोल्डर म्हणजे काच आणि पडदा मिळून अख्खा भाग. त्या बिलात दोन अस्सल बॅटऱ्या आल्या असत्या.

सावधान: फोनची पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा उचललेला दिसला तर चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. बंद करून तसाच केंद्रात न्या. आणि एकदा उघडलेल्या फोनच्या आयपी६८ वर (पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा) विसंबून पावसात फोटो काढू नका. नवा डिंक लावला तरी पहिल्यासारखी खात्री राहत नाही.

पायरी ९: थांबायचं कधी

तीन खुणा. सुरक्षा अपडेटची तारीख उलटली. दुरुस्तीचा एकाच वेळचा खर्च फोनच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्यावर गेला. किंवा बदललेली दुसरी बॅटरीही थकली. यांतली पहिली खूण आली की बाकीच्यांची वाट पाहायची नाही. नवं मॉडेल आलं, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल वाढले, मेहुण्याने नवा घेतला, या खुणा नव्हेत.

तारीख उलटलेला लहान फोन गाणी आणि गजर यांना उत्तम. मात्र त्याआधी सिम काढा, यूपीआय आणि बँकेची अॅप्स काढा, मुख्य ईमेल खातं काढा. पोराच्या हाती द्यायचा असेल तर रीसेट करून त्याच्या खात्याने सुरू करा. कपाटात ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून बंद करा, आणि चार-सहा महिन्यांनी एकदा काढून पाठ फुगली नाही ना ते पाहा. फुगली असेल तर ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात. ओल्या-सुक्याच्या डब्यात नाही.